ऐनावरची वेणी

बेटेगावच्या नाक्यावर या. बोईसरहून चिल्हारकडे जाणारा रस्ता, एकामागे एक ट्रक, रिक्षावाल्यांची हाकाटी, वड्याच्या तेलाचा वास, आणि वारा फिरला की नाकात शिरणारा कारखान्यांचा आंबूस दर्प. चपला काढा. फोन खिशातच राहू द्या, जिथे चाललोय तिथे रेंज यायला अजून दीडशे वर्षं आहेत. डोळे मिटा आणि मी सांगेपर्यंत उघडू नका.

हं, उघडा.

आधी कान दचकतात. हॉर्न नाही, इंजिन नाही. शांत म्हणावं तर तसंही नाही: पावशा घसा फाडून ओरडतोय, झाडांत मधमाश्यांची भुणभुण आहे आणि लांब कुठेतरी कुऱ्हाडीचे ठोके पडतायत. मग पाय पोळतात. डांबर गेलं, खाली बैलगाडीची वाट आहे. पिठासारखी मऊ धूळ, तव्यासारखी तापलेली. सावली पकडा लवकर!

साल १८६२ धरा. तुम्हाला भेटणारं कुणी तो आकडा सांगणार नाही, इथे वर्ष पावसाने मोजतात. तो पडायला आता थोडे दिवस राहिलेत. मुंबईहून अहमदाबादला आगगाडी धावायला दोन वर्षं आहेत आणि बोईसर हे फक्त एका गावाचं नाव आहे.

डोळे चुरचुरतायत? तो राबाचा धूर. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून पेटवून दिलंय. सगळ्या रानावर निळसर धुराची चादर आहे. त्या धुराला एक गोडसर कडा आहे ती मोहाची. मोहाची फुलं वेचून, वाळवून झाली. आता कुठल्या तरी झोपडीमागे मडकं चुलीवर चढलंय. आत्ता नको. काम आहे.

कुडाच्या घरासमोर एक वारली म्हातारी बसलीय. कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंती, आत अंधार आणि गारवा. ती काही न विचारता नागलीच्या आंबिलीचा वाडगा पुढे करते. आंबट, थंडगार, थोडी राखेची चव. वाडगा रिकामा होईस्तोवर बोलू नका, ते चांगलं दिसत नाही.

आता वर बघा. घरामागचा ऐन. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. राबासाठी दर वर्षी फांद्या छाटून छाटून वरून हडकलेला, पण खोड दोघांच्या कवेत न मावणारं. आणि त्या खोडावर, तुमच्या डोक्यापासून दोन हात वर, लटकतायत वेण्या.

वेणीच म्हणतात हिला. सीतेची वेणी, कुणी द्रौपदीची म्हणतं. रामायण-महाभारताचं भांडण झाडावरही सुटलेलं नाही. हातभर लांब, खाली झुकलेला घोस, त्यावर शंभराच्या आसपास फुलं एकमेकींना खेटून. पांढरी, अंगावर गुलाबी-जांभळे शिंतोडे, जणू रंगपंचमीला कुणी लांबून नेम धरलाय. नाक वर करा, मंद वास येतो. पानं पट्ट्यासारखी, जाड, टोकाला खाच असलेली. त्या खाचेवरूनच ‘रेट्युसा’ हे लॅटिन नाव पडलंय.

“मान मोडंल,” म्हातारी हसते.

तिची नात काठीने एक घोस अलगद काढते, अंबाड्याभोवती फिरवते, आणि विषय संपला. तिकडे याच काळात लंडनमध्ये हिच्याच जातकुळीच्या, उष्ण देशांतून आणलेल्या आमरींचे, म्हणजे ऑर्किडांचे, लिलाव होतायत, गोरे साहेब एकेका रोपासाठी मूठभर सोन्याची नाणी मोजतायत, काचेच्या घरात कोळसा जाळून त्यांना ऊब देतायत. इथे ऊब फुकट आहे. तुमच्या पाठीवरून वाहतेय तीच. आसामात बिहू नाचताना मुली हेच फूल केसांत घालतात, तिथे त्याला कपौ म्हणतात. दोन टोकांच्या रानांतल्या मुलींना कुणी सांगितलं नव्हतं, पण फुलाचा आकारच असा की हात आपोआप केसांकडे जातो.

आता शहाणपणा करू नका. “हे बांडगूळ झाडाला मारेल” असं तुमच्या जिभेवर आलंय, मला दिसतंय. बांडगूळ वेगळं, ते फांदीत मुळी घुसवून रस ओढतं. ही नुसती बिऱ्हाडकरू, आणि तीही झाडाचं काही न खाणारी. करंगळीएवढी जाड, पांढुरकी मुळं भेगांना धरून बसलीत, काही तर हवेतच लोंबतायत. हात लावा: सुरकुतलेली, कोरडी, कागदी. चार-सहा महिने पाण्याचा थेंब नाही आणि तरी हिला फुलायचा उत्साह! युक्ती पानांत आहे. दिवसभर ती आपली छिद्रं मिटून घेतात आणि रात्री, हवा निवल्यावर उघडतात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी आपली आजी हेच करायची.

म्हातारीचा मुलगा गाडी जुंपतोय. चढा. लाकडाचे ओंडके वैतरणेकडे, मनोरच्या बाजूला न्यायचेत, आणि बैल उन्हात चालत नाहीत म्हणून निघायचं ते दिवस कलल्यावर. कण्हणारी चाकं, वंगणाचा आणि बैलांच्या घामाचा वास, वाटेत करवंदांच्या जाळ्या. उजवीकडे जंगल असं दाट की अंधार आधी तिथे पडतो. या पट्ट्यातल्या लाकडावर पोर्तुगीजांचाही डोळा होता. आशेरीगड त्यांनी धरून ठेवला तो जहाजांना लागणाऱ्या लाकडासाठीसुद्धा.

हात मागे टेका. काय लागलं? ओंडक्यावर अजून आमरी आहे. ही दुसरी, आखूड घोसाची, गुलाबी पाकळ्यांवर जांभळे ठिपके, वास मात्र पहिलीपेक्षा दसपट गोड. झाड पडलं, हिला अजून कळलेलं नाही. ती फुलतेच आहे. एक आंब्याच्या फांदीवरची तपकिरी चौकड्यांची, निळसर ओठाची, तिला काही वैद्य रास्ना म्हणतात. गेल्याच वर्षी डॅल्झेल आणि गिब्सन या दोघांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ छापून आलंय, त्यात इलाख्यातल्या वनस्पतींची ओळीने नोंद आहे. दोघांनीही सरकारी वनसंरक्षकाचं काम केलेलं. लाकडाचा हिशेब ठेवायचा आणि त्याच लाकडावरच्या फुलांना नावं शोधायची, असा तो विचित्र पेशा. गाडीवानाला विचाराल तर तो एवढंच सांगेल की फुलं असलेला ओंडका जुना, आणि जुना ओंडका जड.

झोपा आता. गाडी हलतेय, डास आहेत, पण झोप लागते.

जाग येते ती गडगडाटाने. पहिला पाऊस. अंगावर गोळ्या झाडल्यासारखे थेंब, मातीचा वास असा उसळतो की खोकला येतो. ओंडक्यावरच्या त्या कागदी मुळांकडे बघा. पांढरा रंग बघता बघता हिरवा होतोय! मुळावर स्पंजासारखा थर असतो, तो पाणी पितो आणि आतला हिरवा दिसू लागतो. सुकलेल्या माणसाच्या गालावर रंग चढावा तसं.

पुढचे दिवस भराभर उलटू या, नाहीतर चिखलात पाय रुतून बसतील. आवणी, गुडघाभर पाणी, वाकलेल्या पाठी, डोक्यावर पानांची इरली. बांधाजवळ एक कोवळा दांडा मातीतून वर आलाय, टोकाला फूल, पान एकही नाही. चार दिवसांनी फूल गळून जाईल, मग एकच गोल पान जमिनीवर पसरेल. फुलाने पान पाहिलेलं नाही, पानाने फूल पाहिलेलं नाही. माळावर पांढऱ्या हबेनारिया उठल्यात, मातीला चिकटलेल्या पानातून वर डोकावणाऱ्या. झाडावरच्या आमरी उन्हाळ्याने फुलवल्या, या जमिनीखालच्या कंदांना पावसानेच उठवलं.

भाद्रपदातली एक रात्र मात्र थांबायची. गवत छातीपर्यंत, ओलं, आत काय आहे ते न बघितलेलं बरं. बेडूक इतके ओरडतायत की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आणि अचानक वास. दिवसा या जागेवर नव्हता तो. वाघचौरा फुललाय: तळहाताएवढी पांढरी फुलं, कडा झालरीसारख्या कातरलेल्या, मागे बोटापेक्षा लांब पोकळ शेपटी, तिच्या टोकाला मधाचा थेंब. कानाजवळून फर्रर्र असा आवाज जातो. पतंग. तो फुलासमोर हवेतच थांबतो, लांबलचक सोंड आत सरकवतो, आणि निघतो तेव्हा डोक्याला परागाची दोन गाठोडी चिकटलेली. विलायतेत डार्विनने याच साली आमरी आणि कीटकांच्या या व्यवहारावर पुस्तक काढलंय. मादागास्करचं एक लांब शेपटीचं फूल पाहून त्याने सांगून टाकलं की तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. लोक हसले. पतंगाची नोंद व्हायला १९०३ उजाडलं. तुम्ही बेटेगावच्या गवतात उकिडवे बसून त्याचाच चुलत व्यवहार बघताय, तेही फुकटात. फक्त पायाला जळवा आहेत का तेवढं बघा.

भात कापलं गेलं. खळ्यावर तारपा वाजतोय, दुधी भोपळ्याचा तो घोगरा, छातीत घुमणारा सूर, त्याच्याभोवती साखळी करून फिरणारे पाय. तुम्हालाही ओढतील, नाचा. थंडीत अंगाला धुराचा वास मुरतो. मग फाल्गुन. पळस पेटलेत, सगळी पानं गळालीत, आणि उघड्या फांद्यांवर डेंड्रोबियमच्या निष्पर्ण, सुकल्यासारख्या कांड्यांना पांढऱ्या फुलांचे झुबके आलेत.

ऐनाखाली जा. वैशाखातल्या वेणीच्या जागी आता तपकिरी बोंडं लोंबतायत. नात एक तोडून तुमच्या हातावर ठेवते. ते तडकतं आणि पिवळसर भुकटी उडते. ही बियाणी. एका बोंडात हजारोंनी, धुळीच्या कणाएवढी, पोटात शिदोरीचा दाणाही नसलेली. रुजायचं तर आधी सालीच्या भेगेत योग्य ती बुरशी भेटायला हवी, तिने भरवलं तरच. हे नातं नोएल बर्नार या फ्रेंच माणसाच्या ध्यानात यायला अजून छत्तीस वर्षं आहेत. नात नुसती फुंकर मारते आणि तुमच्या तोंडावर भुकटी उडाली म्हणून खिदळते.

मिटा डोळे. उघडा.

हॉर्न. रिक्षावाला “बोईसर, बोईसर” ओरडतोय, तुम्हाला पुढे चौथी सीट मिळालीय, अर्धं अंग बाहेर. “शर्टाला राख लागलीय बघा,” शेजारचा सांगतो. झटकू नका एवढ्यात. वाटेत एखादा जुना आंबा दिसेपर्यंत तरी थांबा.