खाजनाचा बांध आणि मानस

गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखांकडील सखल पट्टा दिवसातून दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जात असे. बांध घालून त्यातून मिळविलेल्या शेतजमिनीला खाजन म्हणतात आणि असे क्षेत्र तेथे सुमारे 18,000 हेक्टर आहे. ही प्रथा पोर्तुगीज राजवटीहून जुनी असून ती गावकरीने, म्हणजे जमिनीची सामायिक मालकी सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेने जोपासली. या संस्थेच्या रूढी पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने 1526 मध्ये सनदेत नोंदविल्या.

खाजनाचे मर्म बांधाइतकेच मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसविलेले लाकडी झडपांचे दार: भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडपा मिटतात आणि ओहोटीत आतले पाणी वरचढ झाले की त्याच्याच रेट्याने उघडतात. पहिल्या पावसात जमिनीतील मीठ विरघळले की ते पाणी याच वाटेने खाडीत काढून दिले जाते आणि खारटपणा बराच सोसणारे कोरगुट भात पेरले जाते. ओहोटीबरोबर निघालेली मासळी मानशीच्या तोंडाशी जाळ्यात सापडते. तिचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने दिला जाई आणि त्या उत्पन्नाचा आधार बांधाच्या डागडुजीला मिळे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांनी रचलेला हा बांध खेकडे पोखरतात आणि दुर्लक्षित राहिलेल्या एखाद्या बिळाचे उधाणाच्या भरतीत भगदाड होते.

भाताला गोडे पाणी हवे, मासळीला खारे. या दोन गरजांमधला तोल राखणे हेच ग्रामसंस्थेचे सर्वांत मोलाचे काम होते. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली, आणि हा न्याय फार उशिरा झाला असेच म्हटले पाहिजे. परंतु बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेल्यावर जेथे पावणीच्या पैशालाच महत्त्व आले, तेथे मासळीसाठी भरतीतही मानस उघडी ठेवली जाऊ लागली व शेते खारावली. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही नदीकाठचे बांध ढासळले. आता समुद्राची पातळी वाढत असल्याने जुन्या भरतीच्या मापाने बांधलेली उंची अपुरी पडत आहे. पडीक शेतात खारफुटी रुजते आणि तिच्या तोडीला बंदी असल्याने पुढे बांध दुरुस्त झाला, तरी ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे अवघड होते.