जीप : अमेरिकेतून आपल्या डांगाणात

जुन्या अमेरिकन गाड्या म्हटले की शेवरोले, डॉज, प्लिमथ ही नावे आठवतात. या गाड्या मुंबईतही जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ बांधल्या. पण राजूरच्या वाट्याला आलेली अमेरिकन गाडी वेगळीच होती. ती म्हणजे जीप.

१९४० साली अमेरिकन लष्कराला चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी होती. नमुना बनवायला मुदत होती फक्त ४९ दिवस! (आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी डेडलाइनची तक्रार करू नये.) बॅंटम या छोट्या कंपनीने तो वेळेत दिला. नंतर विलिज आणि फोर्ड या दोघांनी एकाच आराखड्यावर सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. एकीचे सुटे भाग दुसरीला बसत. जीप कुठेही दुरुस्त होई, त्याचे मूळ इथे आहे.

१९४७ पासून महिंद्रा कंपनी विलिजच्या जीप मुंबईत जोडू लागली. हळूहळू भाग इथेच बनू लागले, पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आले. उंच बॉनेटचे सीजे-थ्री-बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे मात्र ते पुढे कित्येक वर्षे निघत राहिले.

तिचीच भावंडे आपल्याकडे काळी-पिवळी होऊन धावली. मागे समोरासमोर दोन बाकडी, टपावर पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे-तिघे. घाटघर, साम्रद, रतनवाडीकडचा पाऊस आणि चिखल सोसावा तो डांगी बैलाने नाहीतर जीपने. राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैलाला बक्षीस मिळते, जीपला कोणी कधी हारही घातला नाही.

मला तिचे महत्त्व वाटते ते वेगळ्या कारणाने. त्या काळी एसटी चुकली तर घरी कळवायला फोन नव्हता. शेवटची जीप मिळेल आणि ड्रायव्हरदादा वाडीच्या फाट्यावर नीट उतरवतील, या भरवशावर आपल्या वर्गातल्या मुली दहावीच्या जादा तासाला थांबू शकल्या. काहींची शाळा तेवढ्यावरच टिकली. अडलेल्या बाळंतिणीही रात्री-अपरात्री याच गाडीने दवाखान्यात पोहोचल्या.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात अमेरिकन शर्मन आणि पॅटन रणगाडे जपून ठेवले आहेत. मुंबई-पुण्याचे हौशी लोक जुन्या गाड्या चकचकीत करून मिरवणुकीला काढतात. आपल्या जीप मात्र भंगारात गेल्या. त्यांना कोणी ऐतिहासिक मानले नाही, कारण त्या रोजच्या होत्या. आपल्या भागाचा इतिहास नेहमी असाच हरवतो.

म्हणून मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती. सहलीचा, लग्नाचा, बाजाराचा एखादा फोटो असेल आणि त्याच्या कडेला जीप दिसत असेल, तर त्याची प्रत शाळेला द्या. कोणाच्या घरी जुना भोंगा, नंबरप्लेट किंवा परमिटचा कागद असेल तर तोही द्या. ज्यांनी त्या चालवल्या ते दादा आता थकले आहेत. त्यांच्याकडून नावे, वर्षे आणि रस्ते लिहून घेऊ या. शाळेतले एक कपाट एवढ्याला पुरेल.