इशारा आणि लाट यांच्या मधले दिवस

तुम्ही आला आहात जातवैधतेच्या कागदासाठी. अकोला जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. पणजोबांची नोंद सापडली की नक्कल मागायची आणि निघायचं, एवढंच काम. कर्मचारी कोतवाल बुकाचा कापडात बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवतो. कडा झिजलेली पानं, अक्षर कुठे मोडी, कुठे बाळबोध. नाव, जात, वय, तारीख, मरणाचं कारण. तुम्ही वर्षं उलटत जाता. 1916, 1917. गाव लहान, महिन्याला दोन-तीन नोंदी. मग 1918 चा ऑक्टोबर लागतो आणि नोंदी पानामागून पान भरत जातात. एकाच घरातली माणसं, एकाच आठवड्यात. वय 22, वय 30, वय 19, वय 3. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप.

त्या शब्दावर बोट ठेवा आणि त्या महिन्यात उतरा.

ऑक्टोबर 1918, पूर्णेचं खोरं

ऊन कडक आहे आणि शिवार ओसाड. यंदा पावसाने मधूनच पाठ फिरवली. ज्वारीची वाढ खुंटली, कणसात दाणा भरला नाही. एरवी हे दिवस कपाशीच्या पहिल्या वेचणीचे. बायका वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून, ओटी बांधून कामाला लागायच्या. आज धुऱ्यावर कोणी नाही. महायुद्धाने धान्य, कापड, रॉकेल सगळंच महाग करून ठेवलंय. गाव आजारी पडण्याआधीच अर्धपोटी आहे.

गल्लीत शिरा. दारं उघडी, चुली थंड. खाटेवरचा तरुण उठू पाहतो, पण त्याला मान सावरत नाही. लोक या दुखण्याला मानमोडी म्हणतात. पहिल्या दिवशी अंग ठणकतं, दुसऱ्या दिवशी ताप चढतो, मग छाती भरून येते आणि ओठ निळे पडू लागतात. म्हाताऱ्यांना चुकवून ही साथ 20 ते 40 वयाची राबती माणसं उचलते. त्यातही बायका जास्त, कारण आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसतात आणि स्वतः पडल्या तरी चुलीपाशी त्याच उठतात.

दारातून एक बाई हाक मारते, "घरात पानी द्याले बी कोनी उभं नाही जी. पोराले घोटभर पाजता का?"

तुम्ही तांब्या उचलता. या वर्षीचा उपचार तो एवढाच. औषध नाही, लस नाही. हा आजार विषाणूचा आहे हे सिद्ध व्हायला 1933 साल उजाडेल. पाणी, पेज आणि शेजारी बसणारं माणूस, यावर कित्येक जीव तगले असते. पण आख्खं घर एकाच वेळी आडवं झालं, की पाणी पाजणाराच उरत नाही.

कोतवाल काठी टेकत येतो. त्याच्याही अंगात कणकण आहे. घरोघर विचारत तो नावं गोळा करतो आणि पाटलाकडे सांगतो. कारण काय लिहायचं, हे दोघांनाही ठाऊक नाही. हिवतापाचं मरण आणि मानमोडीचं मरण एकाच शब्दात लिहिलं जातं. म्हणूनच पुढे या साथीचा हिशेब लावणाऱ्यांना वेगळी वाट धरावी लागली: एरवीच्या वर्षांत जितके मृत्यू होतात तितके वजा करा, उरतील ते साथीचे. 2020 आणि 2021 च्या जादा मृत्यूंचे अंदाजही याच रीतीने काढले गेले. देशात 1918-19 मध्ये गेलेल्यांचा आकडा 1 कोटी 20 लाख ते 2 कोटींच्या घरात धरला जातो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. इथे हजारी पन्नासहून अधिक माणसं गेली, म्हणजे वीस जणांमागे किमान एक.

आता गावाबाहेर या आणि रुळांकडे पाहा. मुंबईहून हावड्याला जाणारा हा मार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून जातो. याच मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईला गेला आणि त्याच मार्गाने दुखणं परत आलं. मुंबईत जून महिन्यातच गोदीतले कामगार आणि पोलीस शिपाई तापाने पडू लागले होते. पहिली लाट सौम्य होती. लोकांना वाटलं, निभावलं. सप्टेंबरात दुसरी आली. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. जून ते सप्टेंबर, वऱ्हाडच्या हाती तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत या गावात धान्याची गाडी आली नाही की दवाखाना. गावाला कोणी येऊन सांगितलंही नाही.

डिसेंबर 1897 आणि पुढची काही वर्षं, अमरावती

आणखी मागे चला. अमरावतीत राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन भरलंय. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताची जबाबदारी दादासाहेब खापर्ड्यांवर. मांडवात टिळक नाहीत. राजद्रोहाच्या शिक्षेवर ते तुरुंगात आहेत. सहा महिन्यांपूर्वी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या तपासणीसाठी सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायामाणसांना उघड्यावर तपासलं गेलं, तो संताप इथेही बोलण्याबोलण्यातून जाणवतो. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आहे. हाच कायदा 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला, हे तुम्हाला माहीत आहे. मांडवातल्या कोणालाही ते माहीत असणं शक्य नाही.

दिवस पुढे सरकवा. नवं शतक लागलंय आणि गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, वऱ्हाडात शिरलाय. एका घरात आढ्यावरून उंदीर पडतो, दोनदा गिरकी घेतो आणि मरतो. घरधनीण एका शब्दानेही वाद घालत नाही. भांडी, गोधड्या, धान्याचं पोतं बैलगाडीत चढतं. संध्याकाळपर्यंत आख्खी गल्ली गावाबाहेर, माळावरच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्यांत. तुम्ही थांबून विचारता, तेव्हा म्हातारी म्हणते, "उंदीर पडला म्हंजे घर आपलं नाही राह्यलं, बाप्पा."

ती बरोबर आहे. प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवेतून माणसात येतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं. उंदीर मेला की पिसू नवं शरीर शोधते, आणि ते माणसाचं असतं. घर सोडणं हा त्यावरचा नेमका उपाय होता. श्वासातून पसरणाऱ्या कोरोनात उपाय बरोबर उलटा: घरात थांबा. रोग कोणत्या वाटेने येतो ते कळल्याशिवाय पळायचं की थांबायचं हे ठरत नाही. म्हणून एका साथीत शहाणपण ठरलेली गोष्ट दुसऱ्या साथीत घात करते.

प्लेगवर लसही आली होती. ती तयार करणाऱ्या हाफकिनने 10 जानेवारी 1897 ला मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालमध्ये दूषित बाटलीमुळे 19 माणसं धनुर्वाताने गेली आणि लोकांचा विश्वास डळमळला. 2021 मध्ये मेळघाटात कोरोनाच्या लसीला नकार देणाऱ्यांना अडाणी म्हणण्याआधी ही जुनी भीती समजून घ्यायला हवी. सरकारचा माणूस सुई घेऊन दारात आला की मागच्या पिढ्यांना काय आठवायचं, ते आठवून बोलावं लागतं. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, तसंच बोलल्या, ओट्यावर बसून, पुन्हा पुन्हा.

उन्हाळा 1900, वऱ्हाडातली दुष्काळी कामाची छावणी

इथे फार वेळ थांबवणार नाही. खडी फोडणारी हजारो माणसं, उघड्यावर मुक्काम, आटलेला नाला आणि त्यात खणलेला एकच झिरा. त्याच झिऱ्याच्या काठी सगळं. पहाटे एकाला उलटी-जुलाब सुरू होतात, दुपारी त्याचे डोळे खोल जातात, रात्री तो नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचे चार. गावात मरीआईचा गाडा सजतो, वाजतगाजत शिवेपर्यंत ओढला जातो आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडला जातो. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलतं.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखने 1884 मध्येच जगापुढे मांडला होता. पाणी उकळून प्यावं, हे सरकारी डॉक्टरांना ठाऊक होतं. पण उकळायला सरपण नव्हतं, साठवायला भांडं नव्हतं आणि दुसरा पाणवठा नव्हता. 1891 ला सुमारे 29 लाख असलेलं वऱ्हाड 1901 च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आलं. भुकेने किती गेले आणि पटकीने किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण एकाच शरीरावर दोघांनी घाव घातला होता.

फेब्रुवारी 2021, पुन्हा अमरावती आणि अकोला

आता जिथले तुम्ही साक्षीदार आहात, तिथे या. देशाला वाटतंय, कोरोना ओसरला. 15 जानेवारीला ग्रामपंचायतींचं मतदान झालंय, 16 जानेवारीला लसीकरण सुरू झालंय, लग्नांची मंगल कार्यालयं भरली आहेत. आणि अमरावतीत काहीतरी वेगळंच घडतंय. पहिल्या लाटेत घरातला एक बाधित व्हायचा. आता आई, बाप, मुलं, आजी एकदमच. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत स्वॅबचे ढीग लागताहेत. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात तपासणीची रांग वाढतेय. रोजचे आकडे शेकड्यांनी चढताहेत.

22 फेब्रुवारी, रात्रीचे आठ. अमरावतीच्या राजकमल चौकात पोलिसांच्या शिट्ट्या, खाली येणारी शटरं. अमरावती शहर आणि अचलपूर आठवडाभरासाठी बंद. अकोला, अकोट, मूर्तिजापूरही. दुसरा दिवस 23 फेब्रुवारी, म्हणजे गाडगेबाबांची जयंती. 1876 मध्ये याच जिल्ह्यात जन्मलेल्या त्या माणसाने हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारलं, की गाव घाण ठेवून देव कुठे शोधता? त्यांच्या नावाच्या विद्यापीठात तरुण तंत्रज्ञ पीपीई किटच्या आत घामाने भिजून, रात्र-रात्र नमुने तपासताहेत. या जिल्ह्याने त्यांची जयंती याहून चांगली क्वचितच साजरी केली असेल.

आता पुढचं नीट पाहा. अमरावती, अकोला, यवतमाळचे नमुने जनुकीय तपासणीला गेले आणि परदेशात गाजत असलेले विषाणूचे प्रकार त्यांत नाहीत, असं जाहीर झालं. ते खरंच होतं. पण नवा प्रकार इथेच, आपल्या मातीत वाढत होता. 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की महाराष्ट्राच्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेला विषाणू वाढतोय. या कुळाचं शास्त्रीय नाव बी.1.617. त्यातल्या एका शाखेला 31 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं. तोवर हरिद्वारचा कुंभ झाला होता, पाच विधानसभांच्या प्रचारसभा झाल्या होत्या, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात 4 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. ऑक्सिजनसाठी माणसं सिलिंडर घेऊन रस्त्यावर धावली.

1918 मध्ये मुंबईने जे जूनमध्ये पाहिलं, ते वऱ्हाडने ऑक्टोबरात भोगलं. 2021 मध्ये वऱ्हाडने जे फेब्रुवारीत पाहिलं, ते देशाने एप्रिलमध्ये भोगलं. दिशा उलटली, मधली ढिलाई तीच राहिली. 1918 ला निदान एक सबब होती: बातमी सावकाश चालायची, विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. 2021 मध्ये बातमी त्याच रात्री देशभर पोहोचली होती, विषाणूची जनुकं वाचण्याची यंत्रं हाताशी होती, लस तयार होती. तरीही ते दोन महिने आपण वाया घालवले. अमरावतीचा आकडा देशासाठी त्या एका जिल्ह्याचं दुर्दैव राहिला. ज्यांनी त्यावरून ऑक्सिजनचे साठे वाढवायचे, खाटा वाढवायच्या, गर्दी थांबवायची, त्यांनी ते केलं नाही.

या प्रवासात प्रत्येक थांब्यावर रोग वेगळा होता, वाट वेगळी होती, उपायही वेगळा होता. बदललं नाही ते एवढंच: इशारा आणि लाट यांच्यामध्ये काही आठवडे मिळतात. मेलेल्यांची मोजदाद खरी असेल, गरिबाला घरी थांबण्यापुरतं धान्य असेल आणि एका गावाची हाक दुसऱ्या गावाने आपली मानली असेल, तरच ते आठवडे कामी येतात.

पुढची साथ येईल. तिची पहिली खूण कदाचित तुमच्याच गल्लीत दिसेल: एकाच घरातली चार माणसं एकाच वेळी आजारी, किंवा नेहमीच्या तापाहून वेगळा ताप. ती आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. घरातला मृत्यू त्याच्या खऱ्या कारणासह नोंदवा, लाजू नका, लपवू नका. आणि ती खूण दुसऱ्या जिल्ह्यात दिसली, तर ते तिकडचं आहे म्हणून पान उलटू नका. आपल्या ग्रामपंचायतीत, नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा आणि विचारा: आपल्या दवाखान्यात ऑक्सिजन किती आहे, खाटा किती आहेत, रोजंदारीवरच्या घरांना महिनाभराचं धान्य कुठून मिळणार आहे? हे प्रश्न लाट येण्याआधीच विचारायचे असतात.