रामोशाची राखण आणि माळ्यावरचा डीव्हीआर

कॅमेरे बसवायच्या आधी घर बघायला गेलो की पुण्यातलं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "दर महिन्याला काही भरावं लागणार नाही ना?" चित्र किती स्वच्छ येतं, रात्री दिसतं का, हे सगळं नंतर. मी तपकीर गल्लीतून घंटा आणि इंटरकॉमच्या वायरी आणून या धंद्यात शिरलो. राखण करणाऱ्याला पैसे कशाचे द्यायचे, हा घोळ तेव्हाही होता. मागे जाऊन पाहिलं तर तो पेशव्यांच्याही आधीपासूनचा निघाला.

पुणे-पुरंदरच्या टापूत राखण म्हणजे रामोशी. पुरंदर किल्ल्याचा पहारा त्यांच्याकडे, गावातली रात्रीची गस्तही त्यांच्याकडे; मोबदला म्हणून इनाम जमीन, नाहीतर सुगीला धान्य. या व्यवहारातली एक अट मला भारी आवडते. चोरी झाली की रामोशाने माग काढायचा. पावलांचे ठसे शेजारच्या गावाच्या शिवेत शिरले, तर पुढची जबाबदारी त्या गावच्या राखणदाराची. माग आपल्याच शिवेत तुटला आणि चोर सापडला नाही, तर नुकसान भरून द्यायचं. पुढे दुसऱ्या बाजीरावाने किल्ल्याची राखण काढून घेतली, आणि इंग्रजी अमलात वतनं बुडाली. त्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत फाशी दिलं. गंमत अशी की कॅम्पातले गोरे साहेब त्यानंतरही बंगल्यावर रामोशीच ठेवत. तो नसला तर घर फुटतं, असा त्यांचा ठाम समज!

मोठ्या वाड्यांवर पगारी पहारा असे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांना मारलं ते चाकरीतल्याच गारद्यांनी, तेही थकलेल्या पगाराचं निमित्त काढून. खिळे बाहेरच्यांसाठी होते.

साध्या वाड्याला पहारेकरी लागतच नसे. दिंडीतून वाकून आत आलेला माणूस ओसरीवरच्या आजीच्या नजरेतून सुटत नसे, आणि कोण कधी आलं-गेलं हे तिला आठवडाभर तोंडपाठ असे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले, माणसं गोखलेनगरासारख्या नव्या वस्त्यांत पांगली. पुढे सोसायट्या आल्या. दहा बिऱ्हाडांची एक दिंडी होती, तिथे दहा बंद दारं झाली.

ही दारं किती एकाकी आहेत ते १९७६-७७ मध्ये कळलं. जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात मारेकरी घरात शिरून कुटुंबंच्या कुटुंबं संपवत होते. माझे उस्ताद सांगायचे, त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर कोणी दार उघडेना. साखळ्या, दाराची भिंगं आणि लोखंडी जाळ्या यांना एकदम मागणी आली. मग रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत गुरखा फिरू लागला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो सलाम ठोकून पैसे मागायचा. चोरी झाली तर भरपाईचं नाव नाही, पण निदान तो स्वतः तरी समोर उभा असायचा.

१३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. तपासात कॅमेऱ्यांच्या चित्रणाची चर्चा घरोघरी झाली. तेव्हापर्यंत कॅमेरा म्हणजे सराफाच्या दुकानातली वस्तू होती. नंतर सोसायट्यांच्या सभांमध्ये तो विषय निघू लागला. तेव्हाची जोडणी म्हणजे थ्री प्लस वन केबल, टोकाला बीएनसी जोड, आणि माळ्यावर चित्रण साठवत घुरघुरणारा डीव्हीआर. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये डीव्हीआर ठेवू नका, हे मी आजही प्रत्येकाला सांगतो, कारण हुशार चोर दागिन्यांबरोबर तोही उचलून नेतो.

मग वायफायवाले कॅमेरे आले. डबा स्वस्त, पण जुनं चित्रण बघायचं तर अनेकांत दरमहा वर्गणी. ती थकली की मागचं दिसत नाही. चित्रं कुठल्या देशातल्या कोणाच्या यंत्रावर पडून आहेत ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. पैसे गारद्यासारखे वेळच्या वेळी हवेत, आणि रामोशाची भरपाई मात्र नाही! हा सौदा मला पटत नाही. चोराने घरातली डिस्क फोडली तरी बाहेरची प्रत वाचते, हा कॅमेरा कंपन्यांचा मुद्दा खरा आहे. पण बहुतेक घरांना माळ्यावर कुलूप लावलेली पेटी पुरते.

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला बावीसेक जीबी जातात. असे चार लावले तर एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. गावाला पंधरा दिवस जाणाऱ्यांनी दोन टीबी घ्यावी. डिस्क कॅमेऱ्यांसाठीचीच हवी. संगणकाची साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी केलेली नसते. एकच कॅमेरा असेल तर मेमरी कार्ड चालतं, पण तेही सतत लिहिणं सोसणारं. आणि ऑनव्हिफ हे सामायिक मानक पाळणारा कॅमेरा घ्यावा, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर जोडता येतो. एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीची अट लागू झाली आहे, तेव्हा बिलाबरोबर तेवढंही विचारून घ्यावं.

गिऱ्हाईक हे सगळं शांतपणे ऐकून घेतं, मान डोलावतं आणि मग वायर पीओपीच्या छताच्या वरून न्यायची की खालून, यावर अर्धा तास वाद घालतं.