टकळी : ओढ आणि पीळ यांचा मेळ

अखंड बडबडणाऱ्याच्या 'तोंडाची टकळी' मराठीत अजूनही सुरू असते; सूत कातण्याची खरी टकळी मात्र शहरांतून जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. धातूची बारीक काडी, तिच्या खालच्या भागात चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवण्यासाठी खाच, एवढीच तिची रचना. चकतीच्या वजनामुळे एकदा दिलेली गती काही क्षण टिकते आणि त्या गतीने कापसाच्या तंतूंना पीळ बसतो.

सुरुवात कशी करावी?

टकळीला तयार सुताचा वीतभर तुकडा बांधून तो खाचेत अडकवावा. सरकी काढून पिंजलेल्या कापसाचा पेळू डाव्या हातात धरून त्यात सुताचे मोकळे टोक मिसळावे. टकळी वाटीत टेकवून उजव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने गिरकी द्यावी आणि डावा हात सावकाश वर न्यावा. हातभर धागा झाला की तो काडीवर गुंडाळून पुन्हा खाचेत अडकवावा. गिरकीची दिशा कायम एकच हवी. उलट फिरवल्यास पीळ उलगडतो.

धागा का तुटतो?

कापसाचा तंतू साधारणपणे अडीच-तीन सेंटिमीटरच लांब असतो. ओढ जास्त आणि पीळ कमी झाल्यास तंतू एकमेकांतून निसटतात. पीळ जास्त झाल्यास सूत आखडून त्याची वेटोळी होतात. शिवाय पीळ आधी बारीक भागाकडे धावतो, त्यामुळे जाड भाग पोचट राहतो. म्हणूनच वेगापेक्षा एकसारखी ओढ आधी साधावी.

सुताचा बारीकपणा 'नंबर'ने मोजतात. ८४० यार्डांच्या जितक्या लडी एक पौंड वजनात बसतात, तितका नंबर. २० नंबरी सुताच्या एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, १५ किलोमीटरहून अधिक धागा असतो.

वर्ध्याचा प्रयोग

ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद झाली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या योजनेत हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम ठरले. समितीत विनोबा भावे आणि काकासाहेब कालेलकरही होते. टकळीवर लांबी, वजन व सरासरीचे गणित प्रत्यक्ष हाताने शिकता येते, हा त्यामागचा विचार. जेथे केवळ सुताची मोजदाद उरली, तेथे टकळीचा तास कंटाळवाणा झाला. चरख्यापेक्षा टकळीचा वेग कमी. परंतु ओढ आणि पीळ यांचा मेळ बोटांना शिकवणारे इतके स्वस्त साधन क्वचितच सापडेल.