गल्लीचा रेडा

म्हैस उलटली की आमच्या आजोबांच्या गोठ्यात दोष तिचाच ठरायचा. एक गोरी पंढरपुरी, तलवारीसारखी लांब शिंगं असलेली, तीनदा भरवूनही गाभ राहिली नाही, म्हणून त्यांनी बाजारात काढली. पुढच्या साली ती नव्या मालकाकडं व्याली. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

रेड्यावर शंका घ्यायची रीतच नव्हती. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करून पैलवानांना धारोष्ण दूध देणारं आमचं कोल्हापूर. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी मिरवायच्या. रेड्याची पारख मानेवरून, छातीवरून आणि अंगावर धावून येण्यावरून. पण मस्तवाल रेड्याचं बीज मेलेलं असू शकतं, हे मला पुढं पशुसंवर्धनाच्या नोकरीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं.

देशात कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत झाली. १९४३ मध्ये अलाहाबादला या पद्धतीनं म्हशीचं पहिलं रेडकू जन्मलं. कोल्हापुरात १९६३ साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, आणि हळूहळू उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधल्या वीर्याच्या कांड्या गोठ्यापर्यंत आल्या. कांडी भरायची तर आधी नर तपासावाच लागतो. खरा बदल मला तिथं दिसतो.

आधी हातानं वृषणं चाचपायची: दोन्ही सारखी आहेत का, घट्ट की मऊ, कुठं सूज आहे का. फितीनं घेर मोजायचा. मग कृत्रिम योनीत वीर्य घेऊन कोमट काचेवर थेंब टाकायचा. चांगल्या वीर्यात लाटा उसळतात. रंग घातला की मेलेले शुक्राणू गुलाबी होतात, जिवंत पांढरेच राहतात. वैशाखातल्या उन्हाचा फटका वीर्यात काही आठवड्यांनी उतरतो, म्हणून एका तपासणीवर नर बाद करायचा नाही. ब्रुसेला जंतूसाठी रक्त मात्र तपासायचंच.

उंटात ही तपासणी आणखी अवघड. त्याचं वीर्य तार सुटेल इतकं चिकट, लामा-अल्पाकाचंही तसंच. पातळ झाल्याशिवाय शुक्राणूंची हालचाल नीट दिसत नाही. शिवाय आपल्याकडं उंट माजावर येतो तो हिवाळ्यात. भर उन्हाळ्यात तपासला तर निरोगी उंटही नापास व्हायचा.

आजही कुणी म्हैस राहत नाही म्हणून आला की मी आधी विचारतो, "रेडा कुणाचा? त्यानं भरवलेल्या बाकीच्या किती उलटल्या?"