आहूखान्यातली हरणे

बुऱ्हाणपूर म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे १६८१ साली संभाजीराजांनी लुटलेले मोगलांचे श्रीमंत ठाणे. दुसरी म्हणजे मुमताजमहल. ताजमहाल आग्र्यात असला तरी ती वारली बुऱ्हाणपुरात, आणि तिला पहिल्यांदा मूठमाती मिळाली ती तापीच्या पैलतीरावर, जैनाबादेत. पर्यटक तिथे जातात, हळहळतात आणि परत येतात. त्या जागेचे नाव मात्र फारसे कोणी उलगडून पाहत नाही. ते नाव आहे आहूखाना. फारसीत आहू म्हणजे हरीण. आहूखाना म्हणजे हरणांचे घर, बादशहा आणि शहजाद्यांच्या शिकारीसाठी राखलेले कुरण. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रेमकथेची पहिली कबर एका शिकारखान्यात होती!

पण या प्रदेशाचे राज्यच मुळी शिकारीतून उभे राहिले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक गुजरातेत शिकारीच्या नादात आपल्या लोकांपासून चुकला आणि भुकेने कासावीस झाला. मलिक राजा नावाचा एक किरकोळ सरदारही त्याच रानात शिकार करत होता. त्याने आपल्याजवळचे खाणे सुलतानापुढे ठेवले. त्या एका जेवणाच्या बदल्यात १३७० साली त्याला थाळनेरची जहागीर मिळाली आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचा पाया घातला गेला. त्याचा मुलगा नासिरखान याने असिरगड घेतला आणि तापीकाठी एक शहर वसवून त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले. समोरच्या तीरावरच्या वस्तीला जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. १६०१च्या जानेवारीत असिरगड अकबराच्या हाती पडला आणि हे राज्य संपले. या प्रसंगाचा एक धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. किल्ल्यात काही पोर्तुगीज होते, आणि त्याच वर्षी अकबराने गोव्याला जी वकिलात पाठवली तिच्यात जेझुइट बंधू बेंतु द गोइश होता.

आता प्रश्न असा, की हरणाची शिकार करायला कुरण राखावे तरी का लागावे? आपल्या गोमंतकीय डोक्यात शिकार म्हणजे सह्याद्रीचे दाट रान. हाकारे रान उठवतात आणि बंदूकवाला झाडाआड दबा धरून बसतो. सांबर असो की भेकर, ते दिसते तेव्हा अगदी जवळ असते. तापीच्या खोऱ्याचा न्यायच वेगळा आहे. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या पायथ्याशी काळ्या मातीचे सपाट, उघडे मैदान. तिथले हरीण म्हणजे काळवीट आणि चिंकारा. (काटेकोर बोलायचे तर ही दोन्ही हरणांपेक्षा वेगळ्या कुळातली. त्यांची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. पण आपल्या भाषेने त्यांना कधीच परके मानलेले नाही.) काळविटाची नजर लांबची, कळप सदा सावध आणि पळ तासाला ऐंशी किलोमीटरच्या घरातला. आडोसा नाही, झाड नाही. बाणाचा पल्ला मात्र थोडाच. म्हणून माळावरच्या धनुर्धाऱ्यापुढचा खरा प्रश्न नेम धरण्याचा नसतोच. मधले अंतर कसे तोडायचे, हा असतो.

कालिदासाने हे नेमके ओळखले होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि देवळापुढच्या मांडवात नाटके बघत वाढलेल्या गोवेकरांना ती कथा घरची झाली. तिची सुरुवातच माळावरच्या शिकारीने होते. दुष्यंत रथात आहे, हातात धनुष्य आहे, पुढे हरीण धावते आहे. रथाचा वेग हे राजाने अंतरावर शोधलेले उत्तर. आणि बाण सुटणार इतक्यात तपस्वी आडवे येतात: हे आश्रमाचे हरीण आहे, याला मारू नकोस. राजा धनुष्य खाली करतो. शिकारीला कुठे थांबायचे ते कळले पाहिजे, हा त्या प्रवेशाचा गाभा.

मोगलांनी रथाच्या जागी घोडा आणला. त्यांचे धनुष्य आखूड, मधे लाकूड, आतल्या अंगाला शिंग आणि पाठीवर जनावराच्या स्नायूंचे थर, सगळे सरसाने जोडलेले. अशा धनुष्याचा जोर विलक्षण, पण दमट हवा त्याला बाधते. प्रत्यंचा ओढायची ती अंगठ्याने, आणि अंगठा सोलवटू नये म्हणून त्यात हाडाची, दगडाची किंवा जेडची अंगठी. अशा रत्नजडित अंगठ्या आज जगभरच्या वस्तुसंग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या आहेत. शिवाय शिकवलेले चित्ते होते. पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानटी कळपावर सोडत. झुंज लागली की रानटी नर जाळ्यात अडके. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त हे सारे तपशिलाने लिहून ठेवले आहे. आणि सर्वांत भव्य प्रकार म्हणजे कमरघा. हजारो माणसे मैलोगणती कडे करून जनावरे आत आत रेटत आणि मग बादशहा त्या कड्यात उतरे. १५६७ साली लाहोरजवळच्या कमरघ्यात अकबर अनेक दिवस बाण, तलवार, भाला, बंदूक अशा सर्व हत्यारांनी शिकार करत होता. ही शिकार होती आणि लष्कराची कवायतही होती.

याच अकबराने १५७८ साली भेरा येथे, कडे पूर्ण होत आलेले असताना, एकाएकी हुकूम दिला की एकही जनावर मारू नका, सगळी सोडून द्या. त्या वेळी त्याच्या मनात काय चालले होते यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात दुष्यंत दिसतो. फरक इतकाच, की याला अडवायला बाहेरचा तपस्वी आला नव्हता.

त्याच काळात, त्याच तापीच्या खोऱ्यात, दुसरेही एक धनुष्य होते. ते भिल्लांचे. बांबूचे धनुष्य, आणि प्रत्यंचाही बहुधा बांबूच्याच चिवट कामटीची. बाण बोरूचा, टोकाला लोखंडी पाते. शिंग नाही, सरस नाही, रत्न नाही. मोडले तर रानात नवे करता येते आणि पावसाळी हवेत तेच अधिक भरवशाचे. या धनुष्याला घोड्याचा वेग मिळणे शक्य नव्हते. मग अंतर तोडायचे कसे? खानदेश-वऱ्हाडच्या माळांवर शिकाऱ्यांची एक जुनी युक्ती होती. शिकवलेला बैल चरत चरत कळपाकडे न्यायचा आणि त्याच्या कुशीआड वाकून आपण चालायचे. हरणाला माणसाचे भय असते, बैलाचे नसते. राजाने अंतर वेगाने तोडले, आदिवासीने धीराने. फासेपारध्यांनी तर धनुष्यही बाजूला ठेवले आणि हरणांच्या वाटेवर तातीचे फास मांडले.

आणखी एक फरक माझ्या मनात घर करून आहे. झाबुआ-अलिराजपूरकडचे भिल्ल धनुष्य ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधले बोट वापरतात, असे सांगतात. कारण विचारले की एकलव्याचे नाव घेतात. गुरूने मागितलेला अंगठा आम्ही परत वापरणार नाही! तापीच्या एका काठी अंगठ्याला रत्नजडित अंगठी, आणि पलीकडच्या डोंगरात अंगठ्यावाचून ओढलेली दोरी. बुऱ्हाणपूरचा सारा इतिहास या दोन हातांत मावतो असे मला वाटते.

पण दोन्ही धनुष्यांवर मात करणारी वस्तू दरबारात केव्हाच आली होती. अकबराचा मुलगा दानियाल खानदेशचा सुभेदार झाला. आहूखाना त्याच्याच काळातला, असे मानतात. दानियालला शिकारीचा आणि बंदुकीचा भारी शौक. आपल्या लाडक्या बंदुकीला त्याने नाव दिले होते ‘यका-ओ-जनाजा’, म्हणजे गोळी लागली की थेट तिरडी. तो दारूने पोखरला, म्हणून अकबराने त्याची दारू तोडली. तेव्हा त्याच्या नोकराने त्याच बंदुकीच्या नळीत भरून दारू आत नेली. नळीतला गंज आणि दारूचा कस मिळून त्या पेयाने १६०५ साली बुऱ्हाणपुरातच त्याचा जीव घेतला, असे त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो. नाव खरे ठरले, फक्त तिरडी शिकाऱ्याची निघाली.

हाच जहांगीर स्वतःच्या शिकारीचा हिशेब ठेवत असे. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वहस्ते मारली. आणि याच माणसाने मनसराज नावाच्या आपल्या पाळीव काळविटाच्या स्मरणार्थ शेखुपुऱ्याला मिनार उभा केला व त्या परिसरात काळवीट मारायला बंदी घातली! प्रेम आणि हत्या एकाच मनात किती शेजारी शेजारी राहतात, ते पाहावे.

आहूखान्याचा अर्थ आता स्पष्ट होतो. उघड्या माळाला भिंत घालायची. हरणाकडे जाण्याचे कष्ट संपले, हरीणच बादशहाच्या दाराशी बांधले गेले. पुढे इथे बाग झाली. औरंगजेब शहजादा असताना याच बागेत हिराबाई जैनाबादीवर भाळला, असे ‘मआसिर-उल-उमरा’ सांगतो. त्याआधी, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली आणि याच भिंतींच्या आत तिला पुरले. डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेले. ते दिवस दख्खन आणि गुजरातेतल्या भीषण दुष्काळाचे होते. सुरतेहून बुऱ्हाणपुरास आलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवरची प्रेते पाहून ठेवली आहेत. बादशहाच्या शोकाला संगमरवर मिळाला. वाटेवरच्यांना मूठभर मातीही मिळाली नाही.

मोगल गेले, मराठे आले, १८१८ नंतर इंग्रज आले. खानदेशच्या भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. ज्यांचा बाण नको होता त्यांच्याच हाती बंदूक दिली. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिकारीवर निर्बंध आले. साहेबाची ती शिकार आणि आदिवासीची ती चोरी ठरली. पारध्यांवर गुन्हेगार जमातीच्या कायद्याने जन्मतःच शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र अनेक गावांत अजून पुसलेला नाही. १७,१६७ जनावरे मारणारा इतिहासात रसिक सम्राट म्हणून राहिला, आणि पोटापुरते एक हरीण फासात धरणारा गुन्हेगार झाला.

आज काळवीट मारणे सर्वांनाच मना आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, आणि ते योग्यच आहे. नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्यही झाले. भिंत तीच, हेतू उलटा. पण हरणाला मारायला धनुष्य लागतेच असे नाही, माळ नाहीसा झाला तरी पुरते. ज्या काळ्या जमिनीवर घोडे दौडत होते तिथे आता केळी आणि कापूस उभा आहे. जंगल तोडले तर निदान ओरड होते. माळ मात्र सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो आणि निमूट जातो.

आणि ते अंगठ्यावाचूनचे धनुष्य? उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलाने, लिंबारामने, लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात शिकार केली. १९८०च्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने त्याला निवडले. तो तीन ऑलिंपिकमध्ये उतरला आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. गंमत अशी, की ऑलिंपिकचे तिरंदाजही दोरी अंगठ्याने ओढत नाहीत, बोटांनीच ओढतात. द्रोणाचार्यांनी जे मागून घेतले त्यावाचून नेम साधतो, हे एकलव्याच्या वंशजांना आधीपासूनच ठाऊक होते.